रविवारची पुडी

आई-बाबा ऑक्टोबरमध्ये नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या सामानात एक बॅग जवळजवळ पूर्ण औषधांची होती. त्यात नवल नव्हतं. पुण्याहून इथे येणाऱ्या बहुतेक आईवडिलांची एक बॅग अशीच असते. इथला डॉक्टर काहीही झालं तरी पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या आणि थांबा एवढंच सांगतो, ही कीर्ती पुण्यात पोहोचलेली आहे. त्यामुळे येणारा माणूस स्वतःची औषधं आणतो, मुला-सुनेसाठी आणतो आणि कुणी सांगितलं असेल तर त्यांच्यासाठीही आणतो. या बॅगेत झूटरमेरला राहणाऱ्या माझ्या चुलतबहिणीसाठी एक मोठा खोका होता. त्यात व्हिटॅमिन डीच्या पुड्या होत्या, एकेक पुडी साठ हजार युनिटची. "इथे एवढी जोरदार देत नाहीत, काका, येताना आणा," असं तिने फोनवर सांगितलं होतं. बाबांनी कोपऱ्यावरच्या ओळखीच्या केमिस्टकडून तिच्यासाठी आणि आईसाठी एकदमच पुड्या घेतल्या होत्या. चिठ्ठी कुणी मागितली नाही.

आई बाळंतपणासाठी आली होती. माझ्या पत्नीला नववा महिना लागला होता.

आईचं वय तेव्हा सदुसष्ट. त्याआधी काही महिने ती बाथरूममध्ये घसरली, मनगट मोडलं आणि तपासणीत हाडं विरळ झाल्याचं निघालं. त्यामुळे आधीपासूनच्या थायरॉइडच्या गोळीत भर पडली होती: कॅल्शियमच्या दोन गोळ्या, लोहाची एक आणि आठवड्यातून एकदा दुधातून डीची एक पुडी. पुडीचा वार रविवार होता. त्या दिवशी सकाळी बाबा पुडी कापून पेल्यात टाकायचे आणि चमचा वाजवून तिला हाक मारायचे.

आल्या आल्या माझ्या पत्नीच्या लक्षात आलं, की आई सगळ्या गोळ्या सकाळच्या चहाबरोबर एका घोटात घेते. तिने प्रत्येक औषधाचा कागद वाचला आणि नवी व्यवस्था लावली. थायरॉइडची गोळी उठल्यावर रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा त्यानंतर अर्ध्या तासाने. कॅल्शियम सकाळी अजिबात नाही, कारण ते थायरॉइडच्या गोळीला अंगी लागू देत नाही. एक गोळी दुपारच्या जेवणाबरोबर, एक रात्रीच्या. दोन्ही एकदम घेतल्या तर शरीर त्यातलं थोडंच उचलतं. लोहाची गोळी संध्याकाळी लिंबाच्या सरबताबरोबर, कॅल्शियमपासून लांब.

"गोळ्यांमध्ये भांडण लावून दिलंस तू," आई म्हणाली. "इतके दिवस एकत्र नांदत होत्या की."

"नांदत नव्हत्या, आई. एक दुसरीला उपाशी ठेवत होती."

"म्हणजे सगळ्या घरांत चालतं तसंच," बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले. मोबाइलवर वाचत असले तरी ते त्याला पेपरच म्हणतात.

व्यवस्था चोख होती. पुढे इस्पितळातल्या डॉक्टरांनीही त्यात काही चूक काढली नाही.

नोव्हेंबरमध्ये मुलगी झाली. इथे बाळंतिणीच्या घरी पहिला आठवडाभर एक नर्स येते. बाळाला अंघोळ कशी घालायची, दूध कसं पाजायचं, हे ती दाखवते. आईला त्यातलं बरंचसं पटत नव्हतं, पण नर्सचा हात हलका आहे असं तिने कबूल केलं होतं. एका सकाळी नर्सने बाळाच्या तोंडात डीचे थेंब घातले आणि ते रोज द्यायचे असं सांगितलं. का, असं आईने विचारलं. नर्स म्हणाली, इथे ऊन कमी असतं. मग आईकडे पाहून तिने पुढे जोडलं, की सावळ्या रंगाच्या माणसांनी आणि या वयाच्या बायकांनीसुद्धा डी रोज घ्यायला हवं.

"काय म्हणते?" आईने विचारलं.

"तुम्हीपण रोज घ्यायला हवं म्हणते," पत्नी म्हणाली. "डी."

"माझ्याकडे आहे की. तिला सांग, येताना घेऊन आलेय."

ते नर्सला सांगितलं. ती म्हणाली, छान, उत्तम. त्या खोलीत कुणीही चुकीचं काही बोललं नव्हतं. बाळाच्या थेंबांत दिवसाला चारशे युनिट होती. मोठ्या माणसांनी इथे रोज घ्यायची गोळीही साधारण त्याच मापाची असते.

दुसऱ्या दिवसापासून आई रोज सकाळी साठ हजारांची एक पुडी दुधात घालून पिऊ लागली. आम्हाला ते पुष्कळ उशिरा कळलं. रात्रभर बाळ रडायचं, त्यामुळे सकाळी आम्ही दोघं झोपलेले असायचो. बाबा कालव्याच्या कडेने फिरायला गेलेले असायचे आणि रविवारची पुडी आता आईच घेते, असं धरून चालले होते. आई एकटी स्वयंपाकघरात असायची. लपवण्याचा तिचा हेतू नव्हता, सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलं नव्हतं. तिच्या लेखी औषध म्हणजे गोळी. पुडी दुधातून घ्यायची, चवीला गोड, तेव्हा ती बोर्नव्हिटाच्या जातीतली. तिच्या वाटच्या पुड्या संपल्यावर तिने पुतणीचा खोका उघडला. पुतणी संक्रांतीला येणार होती, तोवर कुणाबरोबर तरी दुसरा खोका मागवता आला असता.

डिसेंबरच्या सुरुवातीला तिला सारखी तहान लागू लागली. घरातलं हीटिंग हवा कोरडी करतं, असं आम्ही म्हणालो. ती सारखी लघवीला उठू लागली. पाणी जास्त पितेय, म्हणून असेल. जेवण कमी झालं. पोट साफ होईना, तेव्हा बाबांनी बॅगेतून इसबगोल काढला, आणि आईने स्वतःसाठी झोपताना कोमट दूध-तूप सुरू केलं. हाडं दुखतात म्हणून तिने कॅल्शियमची तिसरी गोळी मागितली. पत्नीने दिली नाही.

"दोन पुरे, आई. जास्त झालं तर मुतखडा होतो."

"बरं बाई. तू म्हणशील तसं."

मग ती कमी बोलू लागली. दुपारी चार वाजता अंधार पडतो, शेजारी बोलायला कुणी नाही, पुण्याची आठवण येत असणार. प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं, आणि प्रत्येक कारण बरोबर वाटण्यासारखं होतं.

मी तिला आमच्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, घेऊन गेलो. आधी फोनवर सहायिकेच्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली, मग वेळ मिळाली. डॉक्टर तिशीतली मुलगी होती. दारातून आत शिरताना आईने मला बजावलं होतं, "त्या पोरीसमोर माझ्या पोटाचं काढायचं नाही."

"ती डॉक्टर आहे गं."

"असू दे. तुझ्या तोंडून नको."

कसं वाटतंय, असं डॉक्टरने विचारलं. आई इंग्रजीत म्हणाली, "फाइन, फाइन." पोटाचं मी सांगितलंच. औषधं कोणती, तर सगळी पाकिटं टेबलावर मांडली आणि डी आठवड्यातून एकदा, असं तोंडी सांगितलं. डॉक्टरने पोट तपासलं, रक्तदाब घेतला. भरपूर पाणी, भाज्या, चालणं, आणि दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर पुन्हा या, असं सांगितलं. सांगितलेल्या माहितीवर दुसरा कुणी डॉक्टर वेगळं काही बोलला असता असं मला वाटत नाही.

दोन आठवडे पूर्ण व्हायच्या आत एका दुपारी आई पाळण्याजवळ उभी राहिली. बाळाकडे पाहून तिने माझ्या पत्नीला विचारलं, "कुणाचं गं हे? आई कुठे गेली याची?"

बाबा हसले. "चेष्टा करते ती."

आई बाबांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"अगं, पुरे आता चेष्टा," बाबा म्हणाले.

तेव्हा तीही हसली. सगळे हसत असताना विनोद न कळलेला माणूस हसतो, तशी.

त्या दिवशी मी आणि बाबा कालव्यापर्यंत चालत गेलो. बराच वेळ ते बदकांबद्दल बोलत होते. मग म्हणाले, "तुझ्या आजीचं, हिच्या आईचं, असंच सुरू झालं होतं. आधी माणसं गेली, मग घर. शेवटी माझ्याकडे बघून नमस्कार करायच्या. पाहुणा समजून."

"बाबा, अजून काहीच माहीत नाही."

"मला विसरली तरी चालेल रे. तेवढं मी सोसेन. पण तिने पाहिलंय आपल्या आईचं सगळं. तिला कळेल ना, हे काय सुरू झालंय ते. तिला कळू नये."

घरी येताच मी हाउसआर्ट्सकडे फोन लावला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने रक्त काढायला पाठवलं. दुपारी तिचा स्वतःचा फोन आला. रक्तातलं कॅल्शियम फार वाढलं आहे, मूत्रपिंडांवर ताण आलाय, वाट न पाहता इस्पितळात न्या. मी ते मराठीत सांगितलं.

"वाढलंय तर चांगलंच की," बाबा म्हणाले. "त्यासाठीच तर देतोय. हाडं भरतील."

"हाडात नाही, बाबा. रक्तात."

"मग हाडात कसं घालायचं ते?"

तोवर टॅक्सी दाराशी आली होती.

इस्पितळात आईला सलाइन लावलं. तिथल्या डॉक्टरांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. कॅल्शियम किती? दिवसाला दोन गोळ्या. बंद करा. डी? आठवड्यातून एक पुडी, रविवारी. त्यांनी मनाशी हिशेब केला आणि मान हलवली. एवढ्याने इतकं वाढत नाही. डीची पातळी तपासायला पाठवली होती, तिचा निकाल यायला वेळ लागणार होता. दरम्यान इतर कारणं शोधावी लागतील, असं ते म्हणाले. मानेतल्या छोट्या ग्रंथी कधी बिघडतात. कधी हाडांत कर्करोग पसरलेला असतो, तेव्हा हाडं झिजून कॅल्शियम रक्तात उतरतं. हे शेवटचं मी बाबांना सांगितलं नाही. पण डॉक्टर इंग्रजीत बोलले होते, आणि तो शब्द ओळखायला इंग्रजी फारशी लागत नाही.

पुढचे दिवस तपासण्यांचे होते. गळ्याची सोनोग्राफी, छातीचा स्कॅन, पुन्हा रक्त. पत्नी बाळाला घेऊन घरी असायची. मी आणि बाबा पलंगाच्या दोन बाजूंना बसायचो. आई बहुतेक वेळ झोपेत असायची. जागी झाली की पाणी मागायची, एकदा तिने नर्सला आपली मोठी जाऊ समजून पदर सावरला. अंगात इस्पितळाचा गाऊन होता, त्यामुळे हात नुसताच खांद्यावरून फिरला. बाबा ते पाहून खिडकीकडे गेले. वार्ताहर असताना मी इस्पितळांमध्ये बऱ्याच लोकांना प्रश्न विचारले आहेत. इथे विचारायला प्रश्न उरला नव्हता. निकाल आल्यावर कळवू, असं डॉक्टर सांगायचे आणि ते खरं होतं.

सलाइनने हळूहळू पातळी थोडी उतरली. एका सकाळी आई डोळे उघडून बराच वेळ छताकडे पाहत होती. न्याहारीच्या ट्रेमध्ये ब्रेडचे तुकडे आणि चहा होता. तिने ट्रे चाचपला.

"अहो, माझी पुडी कुठाय?"

"पुडी कसली? आज बुधवार आहे," बाबा म्हणाले.

"मग? आजची राहिली की."

"अगं, पुडी रविवारची."

"ते पुण्यात." तिने थकून डोळे मिटले. "इथे रोज घ्यायची असते. ती बाळाची नर्स नाही का म्हणाली? ऊन नाही इथे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी घरी फोन केला. पत्नीने स्वयंपाकघरातलं वरचं कपाट उघडलं. चुलतबहिणीच्या खोक्यात तळाशी थोड्याच पुड्या उरल्या होत्या. ती मोजू लागली आणि मधेच थांबली. मग म्हणाली, "मीच 'रोज' म्हणाले होते."

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी तो आकडा माझ्याकडून पुन्हा वदवून घेतला. साठ हजार, रोज? मी हो म्हणालो. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. कर्करोगाचा शोध आता जवळजवळ थांबवता येणार होता. त्यानंतर त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

ते म्हणाले, की कॅल्शियमच्या दोन गोळ्या एरवी तिच्या वयाला योग्यच होत्या. पण शरीराने अन्नातलं किती कॅल्शियम आत घ्यायचं हे डी ठरवतं. डी प्रमाणाबाहेर झालं की आतडं मिळेल तेवढं आत ओढत राहतं आणि हाडंही आपल्याजवळचं सोडू लागतात. मग दूध, दही, गोळ्या, सगळंच जास्त होतं. त्यातून तहान, बद्धकोष्ठ, भ्रम. हाडं भक्कम व्हावीत म्हणून दिलेल्या गोष्टीनेच ती दुखत होती.

"मग ते डी काढून टाका," बाबा म्हणाले. मी भाषांतर केलं.

डॉक्टर म्हणाले, ते काढता येत नाही. जास्तीचं पाणी लघवीतून जातं, तसं हे जात नाही. ते शरीरातल्या चरबीत साठतं आणि तिथून महिनोन्‌महिने थोडं थोडं सुटत राहतं. आम्ही सलाइन देऊ, काही दिवस स्टेरॉइड देऊ, दर आठवड्याला रक्त तपासू. बाकी थांबायचं.

"आणि डोकं?" बाबांनी विचारलं. "तिचं डोकं परत येईल?"

डॉक्टर म्हणाले, बरंचसं यायला हवं. किती, ते आज सांगता येणार नाही.

घरी आणल्यावर आईच्या जेवणातून दूध, दही, ताक, पनीर, चीज, तीळ, नाचणी, सगळं गेलं. संक्रांतीला तिळगूळ केला नाही. चुलतबहीण आली तेव्हा बाबा तिला म्हणाले, "तुझ्या पुड्या काकूने खाल्ल्या. वाचलीस." ती हसली नाही. तिने स्वतःचं रक्त तपासून घेतलं होतं आणि तिची डीची पातळी व्यवस्थित होती. तिला पुड्यांची गरजच नव्हती.

माझी पत्नी कितीतरी दिवस आईच्या समोर बसून जेवत नव्हती. आईने एकदा तिला जवळ बोलावलं.

"बस इथे. सारखी काय उठतेस?"

"आई, मी नीट सांगायला हवं होतं."

"तू त्या नर्सचंच सांगितलंस. शब्द तिचा, कान माझे. मला काय धाड भरली होती विचारायला? विचारलं नाही." आणि मग, "बरं, ते वरण वाढ. वरण चालतं ना की तेपण बंद?"

"चालतं."

"देव पावला."

अशा वेळी ती पूर्वीसारखीच असायची. अर्ध्या तासाने ती विचारायची, आपण जेवलो का.

व्हिसाची मुदत वैद्यकीय कारणाने वाढवून घेतली. दर आठवड्याला सकाळी रक्त द्यायचं आणि दुपारी फोनची वाट पाहायची. एका आठवड्यात आकडा उतरायचा, पुढच्यात किंचित चढायचा. आम्ही काही केलं म्हणून तो उतरत नव्हता आणि काही चुकलं म्हणून चढत नव्हता. मार्चमध्ये पहिलं लख्ख ऊन पडलं. सगळी गल्ली खुर्च्या घेऊन अंगणात आली. डॉक्टरांनी आईला सध्या उन्हात बसू नका असं सांगितलं होतं. उन्हानेही अंगात डी तयार होतं. ती सावलीतल्या खोलीत बसून बाहेर पाहत होती. समोरच्या डच आजीने तिला बाहेर यायला हात केला. आईने हात जोडले आणि मान हलवली.

एप्रिलमध्ये कॅल्शियम मर्यादेत आलं. मूत्रपिंडं पूर्ण सावरली नव्हती. त्यांच्यावर पुण्यात लक्ष ठेवावं लागणार होतं. निघण्याआधीच्या शेवटच्या भेटीत बाबांनी डॉक्टरांना पुन्हा तोच प्रश्न विचारला. आता जे थोडं विसरणं राहिलं आहे, ते कॅल्शियमचं की तिच्या आईकडून आलेलं? डॉक्टर म्हणाले, सहा महिने जाऊ द्या, मग स्मरणशक्तीची तपासणी करा. कदाचित तेव्हा कळेल. आधीपासून थोडं सुरू असेल तर याने त्यात भर घातली असेल, आणि दोन्ही वेगळं करणं अवघड असतं.

आई तिथेच बसली होती. बाहेर आल्यावर तिने बाबांना विचारलं, "खरं सांगा. इथे यायच्या आधी मी विसरत होते का?"

"नाही," बाबा म्हणाले.

"एकदाही?"

बाबांनी विचार केला. "गॅस चालू ठेवलास एकदा. पण तो मीही ठेवतो."

"तुम्ही जन्मापासून ठेवता. माझं सांगा."

त्यांना आठवत नव्हतं. मलाही नव्हतं. आईच्या बोलण्याकडे इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलेलंच नव्हतं.

आता ती पुण्यात आहे. रविवारी दुपारी आम्ही व्हिडिओ कॉल करतो. मागच्या रविवारी ती माझ्या पत्नीला मुलीसाठी मऊ भात कसा करायचा ते सांगत होती. तांदूळ, मूगडाळ, चिमूटभर हिंग, वरून तूप आणि, असं म्हणून ती थांबली. मागच्या वेळी पत्नीने पुढचा शब्द पुरवला होता, या वेळी पुरवला नाही. बाबांनीही नाही. त्यांचा अर्धा चेहरा पडद्याच्या कडेला दिसत होता आणि ते तिच्याकडे न पाहता टेबलाकडे पाहत होते. मुलीने हातातला चमचा खाली टाकला, तो कुणी उचलला नाही.

"सांगते," आई म्हणाली. "थांबा जरा."

आम्ही थांबलो.